ताप तिला होता, ओरडले मी

माझ्या मैत्रिणीने माझा आवाज स्वतःचा म्हणून सांगितला आणि मुंबईहून आलेल्या एका दिग्दर्शक बाईंनी तो तसाच पडद्यावर लावला. फसवणूक दोघींनी केली, फसले मी. मी अमरावतीत फळांचा व्यापार करते. झाडावरचा माल नुसता बघून सांगते की पेट्या किती भरतील, आणि आजवर एकाही दलालाला मला गंडवता आलेलं नाही. म्हणून ही गोष्ट मला जास्त झोंबते.

मैत्रीण अकोल्याची. आज तिला वऱ्हाडातली पहिली पंक गायिका म्हणतात. पंक हा शब्द मला त्या माहितीपटामुळे कळला. आम्ही पोरी होतो तेव्हा लोक त्याला बोंबलणं म्हणायचे. सूर दोन-तीनच, गिटार कानात घुसणारं, आणि गाणारी बाई प्रेक्षकांवर चिडलेली. आता पुण्या-मुंबईच्या पोरी तिचं गाणं म्हणतात, त्यांच्या बनियनवर तिचं तोंड छापलेलं असतं. तिच्यावर दीड तासाचा सिनेमा निघाला. त्या सिनेमात तिचं जे गाणं सगळ्यात जास्त वेळा वाजतं, ते तिनं गायलेलं नाही. ते मी गायले आहे.

कसं, ते सांगते.

आम्ही माळी. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी वडिलांची वाडी होती, वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मी बाराव्या वर्षापासून बाजारात पोत्यावर बसत होते. मैत्रिणीचे वडील शाळेत कारकून. बाजाराच्या तोंडाशीच त्यांचं घर, आणि शाळा सुटली की ती माझ्या पोत्यावर येऊन बसायची. घरी तिला मोठ्यानं बोलायची चोरी होती. माझ्याकडे मोठ्यानं बोलल्याशिवाय माल खपत नव्हता. तिला तेच आवडायचं. मी भाव ओरडायची आणि ती नुसती ऐकत बसायची, जसं दुसरं कुणी रेडिओ ऐकतं.

मी सतरा-अठराची असताना एक माणूस रोज संध्याकाळी यायचा. चांगला कपडेवाला. वांगं उचलायचा, दाबायचा, ठेवायचा, दुसरं उचलायचा, आणि मग पिशवी घेताना माझा हात धरून ठेवायचा. घ्यायचा काहीच नाही. महिनाभर मी गप्प राहिले, कारण वडील शेजारीच बसलेले असायचे आणि त्यांना काय सांगायचं हेच मला कळत नव्हतं. एके दिवशी त्यानं हात धरला आणि माझं डोकं फिरलं. मी जशी भाव ओरडायची, त्याच आवाजात ओरडले, "घ्याचं नसन तं हात नको लावू." एकदा नाही, सात-आठ वेळा. सगळा बाजार थांबला. तो माणूस गेला तो पुन्हा दिसला नाही. वडिलांनी मान खाली घालून वांग्यांवर पाणी मारलं.

मैत्रीण तिथेच बसली होती. आधी ती हसली. मग तिनं कागदाच्या पिशवीवर पेन्सिलीनं ते वाक्य लिहून घेतलं. काय करायचं आहे लिहून, असं मी विचारलं तर म्हणाली, असू दे.

पुढे ती कॉलेजसाठी अमरावतीला आली. त्याच सुमारास मीही मावशीकडे आले आणि बस स्टँडजवळ लिंबं आणि सांबार घेऊन बसायला लागले, कारण मला माझी स्वतःची जागा हवी होती. तिनं तिथे तीन पोरं जमवली. एकाकडे गिटार होतं, एकाकडे उसनं आणलेलं ड्रम, तिसरा नुसताच उत्साही. तिनं केस स्वतः कात्रीनं कापले, वडिलांचे जुने बूट घातले आणि कॉलेजच्या गॅदरिंगला उभी राहिली. पहिल्याच गाण्याला संत्र्याची सालं पडली अंगावर. ती थांबली नाही. मी मागच्या बाजूला उभी होते. मला गाणं काही कळलं नाही, पण बाई हलली नाही हे मी बघितलं. हे मी आजही म्हणते. तिचं जे आहे ते तिचं आहे. मी दुसऱ्याच्या पेटीतलं फळ माझ्या पेटीत टाकत नाही.

कॅसेट भरायची ठरली तेव्हा एका स्पीकरवाल्याच्या दुकानामागची खोली मिळाली. भिंतींना गोधड्या बांधल्या. लग्नसराई होती, त्यामुळे त्या माणसानं सामान एकाच दिवसासाठी दिलं, तेही चार वाजेपर्यंत. त्या दिवशी मैत्रिणीला ताप. घसा इतका बसलेला की शब्द फुटेना. मी आलं आणि गूळ घेऊन गेले होते. चार गाणी तिनं आदल्या आठवड्यात दुसरीकडे भरली होती, हे पाचवं राहिलं होतं, आणि या गाण्यात तेच वाक्य होतं, माझं, पिशवीवर लिहून घेतलेलं.

तिनं मला खुणावलं, तू म्हण. मी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती माझ्या कानाशी येऊन फुसफुसली, "तुहंच तं आहे ते. तूच म्हन." मग मी उभी राहिले.

तीन मिनिटं. मला ताल वगैरे माहीत नव्हता, मी बाजारात उभी राहायची तशी उभी राहिले आणि ओरडले. पोरं वाजवत राहिली. मध्ये एका ठिकाणी माझा श्वास संपला आणि मी जिभेनं टक् असा आवाज केला, जसा आम्ही पुढचं गिऱ्हाईक बघताना करतो. तो आवाज कॅसेटवर आहे. सिनेमातही आहे. विद्यापीठातल्या एका विदुषी बाई सिनेमात त्या टक्-चा अर्थ सांगतात, बराच वेळ सांगतात. मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. घर शेतीवालं, काळ्या जमिनीचं, माणसं जुन्या वळणाची. तिकडे कळलं असतं की सून कॅसेटवर ओरडते, तर लग्न मोडलं असतं. मी मैत्रिणीकडे गेले आणि तिच्याकडून वचन घेतलं की माझं नाव ती कधीच कुणापुढे घेणार नाही. तिनं वचन दिलं. कॅसेटच्या कागदावर तसंही कुणाचंच नाव नव्हतं. कॅसेटी हातोहात फिरल्या, मग बॅंड मोडला, पोरं नोकरीला लागली. ती अकोल्याला परत गेली. मी गाळा घेतला, मग बागा, म्हणजे झाडावरचा उभा माल, घ्यायला लागले. पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. सासूबाई गेल्यावर सांगू, असं मी मनात धरलं होतं. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तरी सांगितलं नाही. कशाला सांगायचं, कुणी विचारतच नव्हतं.

मग विचारणारी आली.

दिग्दर्शक बाई सुती कपड्यांतल्या, हळू बोलणाऱ्या. मैत्रिणीनंच त्यांना माझा पत्ता दिला होता, बालमैत्रीण म्हणून. मी त्यांना गाळ्यावर बसवलं आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण त्या कशालाच नाही म्हणत नव्हत्या. मी चार अटी घातल्या. माझं घर दाखवायचं नाही. नवऱ्याला बोलायला लावायचं नाही. तोलकाट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही. मुलीचं तोंड दिसायला नको. चारही अटी त्यांनी एका दमात मान्य केल्या. आमच्या धंद्यात जो माणूस पहिल्याच बोलीला हो म्हणतो, त्याला काहीतरी वेगळंच हवं असतं आणि ते त्यानं आधीच बघून ठेवलेलं असतं. मी सही करायला आठ दिवस लावले. कागद दोनदा वाचून घेतला, एक ओळ खोडायला लावली. त्यांनी तीही खोडली. तेव्हा मला वाटलं, आणखी काहीतरी मागायला हवं होतं. काय ते सुचलं नाही.

त्यांना माझा व्यवहार बघायचा होता. मी त्यांना शेंदूरजनाघाटला नेलं, संत्र्याची एक बाग बघायची होती, मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेली. बागवाला ओळखीचा. आम्ही पोहोचलो तर म्हणाला, बाग द्यायचीच नाही यंदा. आणि म्हणता म्हणता त्यानं खाट बाहेर काढली, पाणी आणलं. मी बसले. इकडचं तिकडचं बोललो, त्याच्या मुलाच्या कोचिंग क्लासचं, जावयाच्या बदलीचं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मी उठले, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले. तिथून तिसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, "तुमी म्हनताच हाये तं बसा पुन्हा." झाला सौदा.

परत येताना जीपमध्ये दिग्दर्शक बाईंनी विचारलं, ताई, ते तर नाही म्हणत होते. मी त्यांना समजावून सांगितलं. कॅमेरा चालू होता, माझ्या पदराला माईक लावलेला होता. आमच्याकडे पहिलं नाही म्हणजे नाही नसतं, पहिलं नाही म्हणजे बोलणं सुरू झालं. जेवायला बसा म्हटलं की पाहुणा म्हणतो आत्ताच जेवलो, आणि तो सकाळपासून उपाशी असतो. पहिल्या हाकेला ताटावर बसणारा माणूस हलका. पहिल्या हाकेला माल देणारा अडलेला. तीनदा विचारणाऱ्याचीही इज्जत राहते, आणि तीनदा नाही म्हणणाऱ्याचीही. त्या बाई खूप हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. हा सगळा भाग सिनेमात आहे. लोक हसतात तिथे.

दुसऱ्या दिवशी गोदामात माझी मुलाखत. मागे संत्र्यांच्या पेट्या, तोंडावर दिवा. लहानपणचं विचारलं, बाजाराचं विचारलं, गॅदरिंगचं विचारलं. मी नीट सांगितलं. मग त्यांनी लॅपटॉपवर ते गाणं लावलं. इतक्या वर्षांनी मी ते पहिल्यांदा ऐकत होते, म्हणजे दुसऱ्या कुणासमोर पहिल्यांदा. माझी मुलगी हे गाणं फोनवर लावायची तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जायची. गाणं संपलं आणि दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "ताई, काही लोक म्हणतात या गाण्यातला आवाज वेगळा वाटतो. कुणाचा आहे हा आवाज?"

बघा. म्हणजे संशय त्यांना आधीच होता.

 पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न आला होता, आणि मी काय करावं? झडप घालावी? मी म्हटलं, "माहा नाही जी. मी कशाची गाते. सगळं तिचंच आहे." असं म्हणून मी पेट्यांकडे बघितलं आणि थोडी हसले. कुठलाही वऱ्हाडी माणूस समोर असता तर त्याला कळलं असतं की आता खाट बाहेर आली. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी म्हणणार होते, पुन्हा ऐकवा बरं. तिसऱ्यांदा सगळं सांगणार होते, गोधड्यांपासून आलं-गुळापर्यंत. मनात सगळं तयार होतं.

त्यांनी मान डोलावली, कॅमेरावाल्याला खूण केली आणि मला धन्यवाद दिले.

मला वाटलं, चहाला विचारतील. मी चहा मागवला. त्या म्हणाल्या, नको ताई. मी म्हटलं घ्या. पुन्हा नको. मी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांनी कप उचलला आणि डोळे मिचकावून म्हणाल्या, "तीनदा म्हणायचं असतं ना ताई, शिकले मी."

हे वाक्य मी कधीही विसरणार नाही. चहासाठी शिकलेली बाई पाच मिनिटांपूर्वी आवाजासाठी विसरली, हे मला कुणी पटवून द्यावं.

त्या गेल्यावर मी फोन करू शकले असते. केला नाही. ज्यानं उलटा फोन केला त्याचा भाव उतरला, ही आमची सवय, आणि ती माझ्या हाडात आहे. रोज वाटायचं की आज फोन येईल. इथे माझं चुकलं, हे मी मान्य करते. पण मी चुकले म्हणून त्यांनी केलं ते बरोबर ठरत नाही.

सिनेमा अमरावतीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला, दुपारी. मी, नवरा, मुलगी, तिघं गेलो. हॉल भरलेला. दिग्दर्शक बाई आल्या होत्या. मैत्रीण तब्येतीमुळे आली नव्हती, असं सांगितलं. आता वाटतं, तब्येत बरी होती.

पडद्यावर मैत्रीण दिसली, पांढरे कापलेले केस, अकोल्याच्या घरातली खुर्ची. पुण्यातल्या पोरी दिसल्या, बूट घालून ओरडणाऱ्या. एक पोरगी रडत रडत सांगते की कंपनीत साहेबानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं हेच वाक्य म्हटलं. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगणार नाही. मग मैत्रीण त्या दिवसाची हकिकत सांगायला लागली. गोधड्या, लग्नसराई, चार वाजेपर्यंतची मुदत, ताप. सगळं बरोबर. आणि मग ती म्हणाली, "घसा बसला होता, तरी मी उभी राहिले. जे होतं ते सगळं त्या तीन मिनिटांत काढलं." लगेच पडद्यावर माझा चेहरा आला. खाली लिहिलेलं, बालमैत्रीण, फळविक्रेती. आणि मी हसत म्हणते आहे, माहा नाही जी, सगळं तिचंच आहे.

मुलीनं माझ्याकडे बघून टाळी वाजवली. तिला आनंद झाला होता की आई सिनेमात आली.

नंतर प्रश्न विचारायला सांगितलं. दोन-तीन जणांनी कौतुक केलं. मी उभी राहिले. माईक यायची वाट बघितली नाही. म्हटलं, तो आवाज माझा आहे, ताप तिला होता, ओरडले मी.  पुढच्या रांगेतला एक प्राध्यापक मागे वळून अतिशय गोड आवाजात म्हणाला, पण ताई, आत्ताच तुम्ही स्वतः पडद्यावर नाही म्हणालात. दिग्दर्शक बाईंनी माईक घेतला. म्हणाल्या, ही आवाजाची नाही, मैत्रीची गोष्ट आहे, दोघींचा आवाज एकच होता, हेच ताईंना सांगायचं आहे. लोकांना ते फार आवडलं.

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, ऐका मग. आणि ओरडले, तेच वाक्य, तसंच. पण बावीस वर्षं गाळ्यावर ओरडून माझा घसा जाड झाला आहे. वाक्य अर्ध्यावर फाटलं, खोकला आला. आणि हॉल उभा राहिला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, मी मैत्रिणीला मान देते आहे. दोन-चार पोरी माझ्याबरोबर ओरडल्या, माझ्यापेक्षा चांगल्या. मी उभी तिथेच, रुमाल तोंडाला लावून, आणि लोक टाळ्या वाजवत आहेत. इतका अपमान माझा कुणी ठरवूनही केला नसता.

आम्ही बाहेर आलो. गाडीजवळ मुलगी म्हणाली, आई, तुला कशाला हवं होतं हे सगळ्यांसमोर. नवऱ्यानं तिला गप्प केलं. तो कमी बोलतो. त्यानं चावी लावली आणि म्हणाला, "आवाज तं तुहाच व्हय तो. पोरगी फोनवर लावते तवाच ओळखला होता मी. घरी रोज ऐकतो." मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस. तो म्हणाला, तू सांगत नव्हती, मी कशाला विचारू. एवढंच. ज्या घराच्या भीतीनं मी नाव लपवलं, त्या घरात ते लपलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची बस धरली. आधी बाजारात गेले. माझ्या वडिलांच्या जागेशेजारी बसणारी एक म्हातारी अजून मिरच्या विकते. मी काही न सांगता तिच्या कानाशी फोन धरला, गाणं लावलं आणि विचारलं, कोण आहे. ती मिरच्यांची देठं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तू व्हय. आनखी कोन." साक्ष एवढी सोपी होती. दिग्दर्शक बाई दोन वर्षं अकोल्याला येत होत्या, त्या बाजारातून दहादा गेल्या असतील. त्या म्हातारीला विचारावंसं त्यांना वाटलं नाही. न सुचण्याएवढ्या त्या भोळ्या नव्हत्या, म्हणून मी म्हणते की मुद्दाम विचारलं नाही.

मग मैत्रिणीकडे. भांडायला जातानाही मी रिकाम्या हातानं जात नाही, संत्री नेली होती. ती खाटेवर बसली होती. भिंतीवर सिनेमाचं मोठं पोस्टर. टेबलावर पोरींनी दिलेल्या भेटी. मी पिशवी ठेवली आणि उभ्यानंच विचारलं.

"ताप तुले होता. वरडली कोन?"

"तू."

मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते, आणि तिनं पहिल्याच बोलीला माल देऊन टाकला. 

"मंग?"

"मंग काय वं. तूच म्हटलं होतं, कोनापुढं नाव नको घेऊ. नाही घेतलं."

"माहं नाव नको घेऊ म्हटलं होतं. तुहं लावाले कोनं सांगतलं?"

ती संत्रं सोलायला लागली.  मग तिनं सांगितलं. माझ्या मुलाखतीनंतर दिग्दर्शक बाईंनी तिलाही विचारलं होतं की या गाण्यातला आवाज कुणाचा. ती नाही म्हणाली होती. "खरंच नाही म्हटलं, वं. माहा नाही म्हटलं. त्या म्हने, ताई, लाजू नका. मी पुन्हा नाही म्हटलं. तं त्या हसल्या, म्हने, तुमच्याकडं पहिलं नाही म्हंजे नाही नसते, मले माहीत आहे. मंग त्यायनं माह्या हातावर हात ठेवला आन् तिसऱ्यांदा इचारलं."

"आन् तू हो म्हटलं."

"हो."

"काहून?"

तिनं फोड माझ्यासमोर धरली. मी घेतली नाही. ती म्हणाली, "पंचवीस वर्सात मले कोनं कोनतीच गोष्ट तीनदा इचारली नव्हती."

मी खाटेच्या कडेला बसले. मला तिची कीव आली, हे लिहायला मला लाज वाटत नाही. कापलेल्या केसांपायी तिचं लग्न जमलं नाही, नोकरी धड टिकली नाही, मोहल्ल्यातली पोरं तिच्या मागे ओरडायची. आता कुठे लोक नमस्कार करायला येतात. पण कीव वेगळी आणि माल वेगळा. मी म्हटलं, फोन लाव आणि त्यांना खरं सांग, आत्ता, माझ्यासमोर. ती म्हणाली, सांगीन. मी म्हटलं, आत्ता. ती म्हणाली, परवा नागपूरच्या पोरी येणार आहेत, त्या गेल्या की सांगते. पोरी येऊन गेल्या. अजून सांगितलेलं नाही.

मग मीच दिग्दर्शक बाईंना फोन केला. त्या शांत होत्या. म्हणाल्या, ताई, तुम्ही कॅमेऱ्यावर नाही म्हणालात, त्यांनी कॅमेऱ्यावर हो म्हटलं, दोघींच्या सह्या आहेत, मी कुणाच्या तोंडात काही घातलेलं नाही. मी विचारलं, चहा आठवतो का. म्हणाल्या, कुठला चहा. आता सिनेमा पुढे गेला आहे, म्हणाल्या, परदेशातही दाखवणार आहेत, आपण सवडीनं बोलू. सवड अजून आलेली नाही. फोन आता त्यांची मदतनीस उचलते.

मी यावर खूप विचार केला आहे आणि माझा हिशेब असा आहे. एका बाईची गोष्ट विकायला सोपी. तापात उभी राहिली, फाटक्या घशानं ओरडली, दुनिया बदलली. त्यात मध्येच एक लिंबंवाली आली की गोष्ट दुभंगते, मग प्रश्न येतात, वाक्य कुणाचं, माणूस कोण होता, हात कुणाचा धरला होता. म्हणून त्यांनी माझं नाही पटकन उचललं आणि तिचं नाही दोनदा परत दिलं. दोन्ही नाही त्यांना आमच्याच रीतीनं वाचता येत होती. एक त्यांनी वाचलं, एक वाचलं नाही.

मला सिनेमा बंद पाडायचा नाही. त्या कंपनीतल्या पोरीला मी माझा आवाज दिला, तो परत मागत नाही. मैत्रिणीनं सालं झेलत उभं राहून जे केलं, तेही मी कमी करत नाही. मला त्या तीन मिनिटांवर माझं नाव हवं आहे, आणि त्याआधी एक उत्तर हवं आहे.

मॅडम, तुम्ही तिला तीनदा विचारलंत. मला एकदाच का विचारलंत? अमरावतीला या, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांपुढे उभ्या राहा आणि सांगा.